होल्डनचं करायचं काय?

न्यूयॉर्कच्या हारकोर्ट ब्रेस या प्रकाशनसंस्थेत रॉबर्ट जिरू नावाचा एक तरुण संपादक होता. जे. डी. सॅलिंजर या कथालेखकाच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित त्याच्या हाती आलं आणि तो हरखून गेला. त्यानं ते वरिष्ठांकडे, युजीन रेनल यांच्याकडे दिलं. रेनलना प्रश्न पडला, हा मुलगा वेडा आहे की काय? गोष्ट शाळकरी मुलाची, म्हणून त्यांनी ते हस्तलिखित पाठ्यपुस्तक विभागाकडे अभिप्रायाला धाडलं. पाठ्यपुस्तकवाल्यांनाही ते रुचलं नाही. ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचं मत आणखी मासलेवाईक. सॅलिंजरच्या कथा छापणाऱ्या या साप्ताहिकानं कादंबरीतला भाग छापायला नकार दिला, कारण एकाच घरात इतकी विलक्षण चार मुलं असतील हे संपादकांना पटेना.

शेवटी बोस्टनच्या लिटल, ब्राउन या संस्थेनं १६ जुलै १९५१ रोजी ‘द कॅचर इन द राय’ प्रकाशित केली. आजवर तिच्या साडेसहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचं सांगतात. पण पुढची सत्तर वर्षं तिच्यावर जे वाद झाले, त्यांचा मसुदा त्या एका कचेरीत आधीच तयार झाला होता. जिरूला त्या मुलाचा आवाज ऐकू आला. रेनलना त्याची मनोवस्था दिसली. आणि पाठ्यपुस्तक विभागाला, म्हणजे पुढच्या काळातल्या शाळा-पालकांना, हे मुलांच्या हाती द्यायचं का याचीच चिंता.

कथानक म्हणावं असं पुस्तकात फारसं नाही. सोळा वर्षांचा होल्डन कॉल्फील्ड पेन्सिल्वेनियातल्या पेन्सी प्रेप या श्रीमंती निवासी शाळेतून काढला जातो. पाचापैकी चार विषयांत नापास. नाताळच्या सुट्टीला अजून तीन-चार दिवस आहेत, पण खोलीतल्या दोस्ताशी, स्ट्रॅडलेटरशी, मारामारी होते आणि तो शनिवारी रात्रीच शाळा सोडून न्यूयॉर्क गाठतो. आईबापांना कळायच्या आत दोन-तीन दिवस शहरात भटकतो. हॉटेल, बार, टॅक्सी, एका वेश्येबरोबरचा फसलेला प्रसंग, सॅली हेझ या मैत्रिणीशी भांडण, रात्री चोरून स्वतःच्याच घरात शिरून दहा वर्षांच्या बहिणीशी, फीबीशी, गप्पा. पाऊस पडत असताना फीबी गोल गोल फिरणाऱ्या लाकडी घोड्यांवर बसते आणि हा बाकावर भिजत बघत राहतो. हे सगळं तो काही महिन्यांनंतर कॅलिफोर्नियातल्या एका आरोग्यधामातून सांगतोय. बोलणं शिवराळ, ‘फोनी’, म्हणजे ढोंगी, हा शब्द उठता-बसता, आणि दर दोन वाक्यांनी कुणीतरी त्याला दुःखी करून जातं.

पहिल्याच आठवड्यापासून परीक्षणं दोन दिशांना गेली. न्यूयॉर्क टाइम्सच्या दैनिकात नॅश बर्गरनं पुस्तक उचलून धरलं. त्याच वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत जेम्स स्टर्ननं होल्डनच्याच भाषेची नक्कल करून परीक्षण लिहिलं आणि त्या नकलेतूनच, हा सॅलिंजर कथा लिहिणारा गडी आहे, कादंबरी लांबली, कंटाळा येतो, असं सुचवलं. ‘द नेशन’मधल्या अर्नेस्ट जोन्सला ती अपेक्षित वळणाची आणि कंटाळवाणी वाटली. ख्रिश्चन सायन्स मॉनिटरच्या टी. मॉरिस लाँगस्ट्रेथचा आक्षेप वेगळा होता. हे पुस्तक मुलांनी वाचण्याजोगं नाही, आणि ते फार पसरलं तर अशी मुलं वाढतील, अशी त्याला भीती वाटली. म्हणजे पुस्तक वाचून मुलगा होल्डन होतो, हा तर्क प्रकाशनाच्या त्याच आठवड्यात मांडला गेला होता. तो पुढे किती दूर जाणार होता याची लाँगस्ट्रेथला कल्पना असणं शक्य नव्हतं.

‘बुक ऑफ द मंथ क्लब’नं पुस्तक निवडलं, त्यामुळे खप सुरुवातीपासून चांगला होता. तरी खरा उठाव झाला तो १९५३ नंतर, स्वस्त कागदी आवृत्ती निघाल्यावर. कॉलेजच्या मुलांनी ते खिशात घातलं, आणि मुलांच्या मागोमाग त्यांचे प्राध्यापक आले. १९५६ साली आर्थर हायसरमन आणि जेम्स मिलर यांनी होल्डनला जगाच्या शोधकथांच्या परंपरेत नेऊन बसवलं. पाठोपाठ हकलबरी फिनशी तुलना सुरू झाली. दोघंही पळालेले, दोघंही बोलीत बोलणारे, दोघांनाही मोठ्यांचा ढोंगीपणा सलणारा. विल्यम फॉकनरनं १९५८ साली व्हर्जिनिया विद्यापीठात या कादंबरीचं मनापासून कौतुक केलं. माणसांत यायला निघालेल्या मुलाला तिथे माणसंच सापडली नाहीत, अशी ही शोकांतिका त्यानं वाचली. लेखांचा असा पूर आला की १९५९ साली जॉर्ज स्टायनरनं त्याला सॅलिंजरचा कारखाना म्हटलं. नॉर्मन मेलर त्याच सुमाराला म्हणाला की शाळेतच राहून गेलेल्यांमध्ये सॅलिंजर सर्वांत बुद्धिमान. कौतुक आणि चिमटा एकाच वेळी काढणं मेलरला चांगलं जमायचं.

सर्वांत बोचरा हल्ला मेरी मॅकार्थीचा, १९६२ सालचा. तिचं म्हणणं असं की सॅलिंजर जगाची दोन भागांत वाटणी करतो. आपल्या क्लबातले आणि क्लबाबाहेरचे. होल्डन, फीबी, मेलेला भाऊ अ‍ॅली, दोन नन्स हे आतले, बाकी सगळे बाहेरचे. आणि पुस्तक वाचणाऱ्याला मात्र दारातच सभासदत्वाचं कार्ड मिळतं. वाचक स्वतःला ‘फोनी’ कधीच समजत नाही, ‘फोनी’ नेहमी शेजारचा. माझ्या मते होल्डनवर घेतलेल्या आक्षेपांतला हा एकच आक्षेप असा आहे ज्याला उत्तर द्यायला पुन्हा पुस्तक उघडावं लागतं. उरलेल्या बऱ्याच जणांना पुस्तक न उघडताही उत्तर देता येतं, आणि त्यांतल्या काहींनी तर ते उघडलेलंही नसतं.

आता त्यांच्याविषयी. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात १९६० साली एका शिक्षिकेनं अकरावीच्या वर्गाला हे पुस्तक वाचायला दिलं म्हणून तिला नोकरीवरून काढलं. अपिलात ती परत कामावर आली, पुस्तक मात्र शाळेबाहेर राहिलं. १९७८ साली वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा गावी एका बाईनं पुस्तकातल्या सगळ्या शिव्या मोजल्या. त्या ७८५ भरल्या. कादंबरी इतक्या एकाग्रतेनं वाचणारा वाचक कुठल्याही लेखकाला हवाच असतो, पण या वाचिकेला आकडा मिळाला आणि होल्डन निसटला. त्याच वादात हे पुस्तक एका व्यापक कम्युनिस्ट कटाचा भाग आहे, असंही सांगण्यात आलं. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या यादीत १९९० ते १९९९ या दशकातल्या सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या पुस्तकांत ते दहावं होतं. गंमत म्हणजे याच काळात हजारो शाळांतून ते नेमलेलंही होतं. एका जिल्ह्यात बंदी, पलीकडच्या जिल्ह्यात परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न, असा त्याचा संसार चालू होता.

कम्युनिस्ट कटाची गोष्ट मॉस्कोत कुणाला कळली असती तर हसू आवरलं नसतं. तिथे रीता राइट-कोवाल्योवा यांनी केलेलं रशियन भाषांतर १९६० साली ‘इनोस्त्रान्नाया लितेरातूरा’ या मासिकात छापलं गेलं. ख्रुश्चॉव्हच्या काळात सेन्सॉर थोडा सैलावला होता, तरी शिव्या छापण्याची सोय नव्हती. त्यामुळे रशियन होल्डन बराच सभ्य बोलतो. भांडवलशाही समाज आपल्याच पोरांना कसा खातो याचा पुरावा म्हणून अधिकृत समीक्षेनं त्याचं स्वागत केलं. तरुण रशियन वाचकांनी मात्र त्यात अमेरिका वाचलीच नाही. मोठ्यांच्या सभा, भाषणं, घोषणा, पोकळ शब्द त्यांच्याभोवतीही काही कमी नव्हते.

पूर्व जर्मनीत तर या पुस्तकावरून दुसरं पुस्तक उभं राहिलं. उलरिश प्लेन्त्सडॉर्फच्या ‘तरुण वे.ची नवी दुःखं’ या १९७२-७३ सालच्या कृतीतला सतरा वर्षांचा एडगार विबाउ नोकरीतलं प्रशिक्षण सोडून बर्लिनमधल्या एका पडक्या बागघरात जाऊन राहतो. त्याच्या आवडत्या दोन पुस्तकांपैकी एक सॅलिंजरचं. गटेचं वेर्थर त्याला शौचालयात सापडतं, आणि पहिली पानं कशासाठी वापरली गेली ते सांगायला नको. समाजवादी देशात असा मुलगा असूच कसा शकतो, यावरून तिथे मोठा वाद पेटला. रेनलचा प्रश्न वीस वर्षांनी दुसऱ्या बाजूनं आला होता. चीनमध्ये १९६३ सालचं शी श्येनरोंग यांचं भाषांतर केवळ निवडक लोकांसाठी अंतर्गत छापलं गेलं. सर्वसामान्य वाचकाला ते १९८३ साली मिळालं.

मग ८ डिसेंबर १९८०. मार्क डेव्हिड चॅपमननं न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननला गोळ्या घातल्या आणि पोलीस येईपर्यंत तो फूटपाथवर हे पुस्तक वाचत उभा राहिला. आत त्यानं लिहिलं होतं की हेच माझं निवेदन, आणि खाली सही होल्डन कॉल्फील्डची. पुढच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनवर गोळ्या झाडणाऱ्या जॉन हिंकलीच्या हॉटेलच्या खोलीत इतर पुस्तकांबरोबर याची एक प्रत सापडली. १९८९ साली रिबेका शेफर या अभिनेत्रीचा खून करणाऱ्याजवळही ती होती. तेव्हापासून या पुस्तकाला एक भुताटकीची कीर्ती चिकटली. कटकथांच्या सिनेमांत माथेफिरूच्या कपाटात ते हमखास दिसू लागलं. कोट्यवधी घरांत असलेलं पुस्तक तिघांच्या घरीही असणार, हा साधा हिशेब त्या भीतीपुढे टिकला नाही.

पण चॅपमनला नुसतं बाजूला सारता येत नाही, कारण तो एक वाचक होता. त्याच्या वाचनात आणि शिव्या मोजणाऱ्या बाईंच्या वाचनात एक साम्य आहे. दोघांनीही होल्डनचं बोलणं आदेश म्हणून घेतलं. एकानं तो पाळला, दुसरीनं तो मुलांच्या कानी पडू नये म्हणून धडपड केली. आणि मला वाटतं, हीच चूक बरेच सज्जन वाचकही सौम्य प्रमाणात करतात. होल्डनवर जीव टाकणारे आणि त्याच्या नावानं बोटं मोडणारे, दोघंही तो जगाबद्दल जे सांगतो ते पुस्तकाचं मत समजतात. मग एक टाळ्या वाजवतो, दुसरा त्याला किरकिऱ्या म्हणतो.

वास्तविक तिसऱ्या प्रकरणाच्या तोंडालाच तो आपण पट्टीचे थापाडे असल्याचं सांगून मोकळा होतो. पुढे आगगाडीत त्याची गाठ एका वर्गमित्राच्या आईशी पडते. तो वर्गमित्र त्याच्या मते शाळेतला सर्वांत हलकट मुलगा. होल्डन त्या माउलीला सांगतो की तुमचा मुलगा फार लाजाळू, फार लोकप्रिय, पोरं त्याला वर्गाचा अध्यक्ष करायला निघाली होती पण त्यानं नको म्हटलं. स्वतःचं नाव तो शाळेच्या झाडूवाल्याचं सांगतो आणि घरी लवकर का चाललास विचारल्यावर डोक्यात गाठ झाल्याची थाप मारतो. जगातल्या सगळ्या खोट्या गोडबोल्यांवर तुटून पडणारा हा मुलगा एका अनोळखी बाईला बरं वाटावं म्हणून सलग खोटं बोलत राहतो, आणि ते बोलताना त्याला मजा येते. मॅकार्थीच्या क्लबाच्या आक्षेपाला इथे तडा जातो. होल्डन स्वतःच त्या क्लबाच्या नियमांत बसत नाही आणि सॅलिंजरला ते पुरेपूर ठाऊक आहे.

सत्तरच्या दशकात समीक्षकांनी वाचकांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९७६ साली कॅरोल आणि रिचर्ड ओमन या दांपत्यानं पंचवीस वर्षांची समीक्षा पुढ्यात घेतली आणि एक साधी गोष्ट दाखवली. सगळे होल्डनच्या दुःखाला ‘मानवी’, ‘सार्वकालिक’, ‘वयात येण्याचं’ म्हणतात. ते न्यूयॉर्कच्या एका विशिष्ट वर्गातलं दुःख आहे, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. पुस्तक प्रसिद्ध झालं तेव्हा कोरियात युद्ध चालू होतं आणि शस्त्रसंधीची बोलणी नुकतीच सुरू झाली होती. त्या जगाचा मागमूस परीक्षणांत नव्हता. मिलरनं ओमन दांपत्याला उत्तर दिलं आणि तो वाद चांगला रंगला. मार्क्सवादी वाचन म्हणून त्यांचा लेख बाजूला ठेवणारे पुष्कळ आहेत, पण पुस्तकातले काही प्रसंग त्यांच्या बाजूनं साक्ष देतात.

एक प्रसंग बॅगांचा. पूर्वीच्या शाळेत होल्डनच्या खोलीत डिक स्लॅगल नावाचा मुलगा होता. त्याच्या बॅगा स्वस्तातल्या, होल्डनच्या उंची चामड्याच्या. स्लॅगल लाजेनं आपल्या बॅगा पलंगाखाली ढकलतो. होल्डनला वाईट वाटतं, म्हणून तोही आपल्या बॅगा पलंगाखाली ढकलतो. तर स्लॅगल त्या बाहेर काढून ठेवतो. लोकांनी त्या आपल्या समजाव्यात अशी त्याची इच्छा होती, हे होल्डनला पुष्कळ उशिरा कळतं. आणि इतकं करून तोच स्लॅगल होल्डनच्या वस्तूंना श्रीमंती थाट म्हणून हिणवतो. शेवटी दोघं खोल्या बदलतात, नंतर होल्डनला त्याची आठवण येत राहते. वर्गभेदावरचं इतकं नेमकं पान मी कुठल्या घोषणाबाज कादंबरीत वाचलेलं नाही. होल्डनला एकटं पाडणाऱ्या गोष्टींत वडिलांचा पैसाही आहे, ते कॉर्पोरेट वकील आहेत, आणि तो पैसा होल्डन हॉटेलांत, टॅक्सींत उधळतोय. कामावर जावं लागणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलानं हे पुस्तक वाचलं तर त्याला या भटकंतीचा हेवा वाटेल, आणि तो हेवाही वाचनच आहे.

स्त्रियांच्या वाचनाचा प्रश्न मेरी सुझान श्रायबरनं १९९० साली मांडला. पुरुष समीक्षकांना होल्डनमध्ये आपलं पोरपण दिसलं आणि त्यांनी ते सगळ्या मानवजातीचं पोरपण ठरवून टाकलं, असा तिचा रोख. मुली कुठे आहेत? जेन गॅलाघर सतत आठवणीत आहे, पण आख्ख्या पुस्तकात ती एकदाही समोर येत नाही. होल्डन तिला फोन करायला जातो आणि मूड नाही म्हणून परततो. सॅली हेझला तो तोंडावर अपमानित करतो. फीबी छान आहे, पण ती दहा वर्षांची आहे. दुसऱ्या बाजूला तेच पान उलटून सांगणाऱ्या वाचिकाही आहेत. मुलगी थांब म्हणाली की आपण थांबतो, बाकीचे थांबत नाहीत, असं होल्डन जवळजवळ ओशाळून कबूल करतो. स्ट्रॅडलेटरशी मारामारी होते तीही त्यानं गाडीत जेनचं काय केलं असेल या धास्तीतून. १९५१च्या पुस्तकात हे होतं, याचं श्रेय द्यायला हवं. मला वाटतं श्रायबरचा मुद्दा कादंबरीपेक्षा समीक्षकांना जास्त लागू होतो.

वयाचा प्रश्न त्याहून अवघड. सोळाव्या वर्षी जे पुस्तक छातीशी धरलं ते चाळिशीत परत वाचून हिरमुसले झालेले पुष्कळ आहेत. वॉशिंग्टन पोस्टच्या जोनाथन यार्डलीनं २००४ साली पुन्हा वाचून ते भावविवश आणि वाईट लिहिलेलं ठरवलं. पण त्याहून अनपेक्षित बातमी तरुणांकडून आली. न्यूयॉर्क टाइम्सनं २००९ साली शिक्षकांशी बोलून लिहिलं की आताच्या मुलांनाच होल्डन आवडेनासा झालाय. गप्प बस आणि तुझी गोळी घे, असं त्याला सांगावंसं वाटल्याचं एका मुलानं म्हटलं होतं. इतक्या महागड्या शाळेत जाऊन रडायचं कशाला, असाही सूर होता. ज्यांच्या नावानं पुस्तकाची ख्याती झाली तेच आता शिक्षकांना सांगताहेत की हे आईबाबांचं पुस्तक आहे.

गोळीचा टोमणा मारणाऱ्या मुलाला हसून सोडून देऊ नये. रेनलच्या ‘वेडा आहे की काय’ची ती नवी आवृत्ती आहे, पण तिच्यात एक खरी नोंद दडलेली आहे. होल्डन आजारी आहे. आणि आजाराचं कारण पुस्तकात तारखेसकट दिलेलं आहे. १८ जुलै १९४६ रोजी त्याचा अकरा वर्षांचा धाकटा भाऊ अ‍ॅली रक्ताच्या कर्करोगानं गेला. त्या रात्री तेरा वर्षांचा होल्डन गॅरेजमध्ये झोपला आणि त्यानं मुठीनं तिथल्या सगळ्या काचा फोडल्या. हाताची मूठ नंतर कधी नीट वळलीच नाही. अ‍ॅलीच्या बेसबॉलच्या हातमोज्यावर हिरव्या शाईनं कविता लिहिलेल्या होत्या. मैदानात आपल्याकडे चेंडू येत नसला की वाचायला. होल्डन तो हातमोजा बॅगेत घेऊन फिरतो. कबरीवर पाऊस आला तेव्हा भेटायला आलेले सगळे पळत जाऊन गाड्यांत बसले, रेडिओ लावले, जेवायला गेले, आणि अ‍ॅली तिथेच राहिला, हे त्याला सोसत नाही. शेवटी शेवटी फिफ्थ अव्हेन्यूवर फूटपाथ उतरताना आपण नाहीसे होऊ असं त्याला वाटतं आणि तो दर चौकात अ‍ॅलीला विनवतो की मला नाहीसा होऊ देऊ नकोस.

इतकं सगळं पानावर असताना पहिल्या परीक्षणांत ‘बंडखोर’ आणि ‘संतप्त’ ही विशेषणंच का ठळक झाली, याचं मला कायम नवल वाटतं. कदाचित आवाजाची करामत. होल्डन इतका विनोदी बोलतो की सुतकातला मुलगा बोलतोय हे लक्षात येत नाही. गेल्या दोन-तीन दशकांत मात्र शोकाचं हे वाचन पुढे आलंय, आणि त्यामुळे ‘किरकिऱ्या’ हा आक्षेप जरा लाजिरवाणा वाटू लागलाय.

त्यापुढे जाऊन काहींनी ही युद्धकादंबरी आहे असं म्हटलं. केनेथ स्लावेन्स्कीच्या २०१० सालच्या आणि डेव्हिड शील्ड्स-शेन सॅलेर्नो यांच्या २०१३ सालच्या चरित्रांनी त्याला बळ दिलं. सॅलिंजर ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या यूटा किनाऱ्यावर उतरला, ह्युर्टगेनच्या जंगलातल्या भीषण लढाईतून गेला, आणि १९४५ साली न्यूरेम्बर्गच्या रुग्णालयात युद्धाच्या मानसिक धक्क्यावर उपचार घेत होता. या कादंबरीचे काही तुकडे युद्धात त्याच्याजवळ होते. एक तपशील तर अंगावर येतो. १९४४ साली छापलेल्या एका कथेत होल्डन नावाचा तरुण सैनिक युद्धात बेपत्ता आहे. म्हणजे होल्डन आधी रणांगणात हरवला आणि सात वर्षांनी शाळकरी मुलगा होऊन परत आला. तरी मी या वाचनाला अर्ध्यापर्यंतच सोबत करीन. कादंबरी कुठून आली ते त्यानं कळतं. पण टेबलावर बसून फीबीच्या वह्या वाचणारा मुलगा ‘खरं म्हणजे सैनिक’ म्हटला की तो मुलगा हातचा जातो.

मराठी वाचकाला हे सगळं वाचताना पांडुरंग सांगवीकर आठवणारच. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि सॅलिंजरशी तिची तुलना तेव्हापासून होत आलीय. साम्यं आहेतच. उपहास करणारा प्रथमपुरुषी आवाज, शिक्षणसंस्थांचं वस्त्रहरण, धाकट्या भावंडाचा मृत्यू. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनूच्या, मृत्यूची पानं विसरलेला वाचक मला अजून भेटायचा आहे. तुलना करणाऱ्यांचा कल मात्र सावलीसारखं कुणी कुणाच्या मागे गेलं हे ठरवण्याकडे असतो, आणि त्यात फरक हरवतो. होल्डनचा बाप पुस्तकात जवळजवळ दिसतच नाही. पांडुरंगचे वडील, त्यांचा पैसा, त्यांची जमीन, त्यांच्याशी असलेलं वैर हा ‘कोसला’चा कणा आहे. होल्डन शहरातच वाढला आणि शहरातच हरवला. पांडुरंग खानदेशातून पुण्याला आला, वसतिगृहात राहिला, हरला आणि गावी परतला. म्हणून इथे वाचकांची फूटही वेगळ्या रेषेवर पडली. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या दोन-तीन पिढ्यांनी ‘कोसला’ आपली मानली. यात घडतं काय, हा मुलगा करतो काय, असं विचारणारेही होतेच. पण पैसेवाल्याचा पोर कशाला रडतो हा अमेरिकेतला प्रश्न इथे त्या रूपात आला नाही. गावाकडे शेती असलेल्या घरातला मुलगा पुण्यात नापास होतो म्हणजे काय, हे आपल्याकडे समजावून सांगावं लागत नाही.

कॅचरवर वाद घालणाऱ्या कुणाशीही बोलताना मी एक प्रकरण मध्ये काढतो, अँटोलिनी सरांचं. घरातून पुन्हा निसटलेला होल्डन मध्यरात्री या जुन्या इंग्रजीच्या शिक्षकांकडे जातो. सर पितात, पण आस्थेनं बोलतात, पुढे काय करशील विचारतात, सोफ्यावर अंथरूण घालून देतात. काही वेळानं होल्डनला जाग येते तर अंधारात सर शेजारी जमिनीवर बसून त्याच्या डोक्यावरून हात फिरवताहेत. तो घाबरून कपडे चढवतो आणि पळतो. एका जुन्या वाचनात हा सरळ विकृत माणूस, मोठ्यांच्या जगाचा शेवटचा विश्वासघात. मग दुसरं वाचन आलं. खिडकीतून उडी घेऊन मेलेल्या जेम्स कॅसल नावाच्या मुलाचं प्रेत रक्ताची पर्वा न करता स्वतःच्या कोटात गुंडाळून नेणारा शिक्षक हाच होता, आणि स्टेशनच्या बाकावर रात्र काढून सकाळी होल्डनलाच वाटतं की आपण त्यांच्याबद्दल चुकीचा ग्रह तर करून घेतला नाही ना. पुस्तकभर झटपट निकाल देणारा हा मुलगा इथे पहिल्यांदा आपलाच निकाल मागे घेऊ पाहतो, असं म्हणणाऱ्यांत मी बरीच वर्षं होतो.

आताचे तरुण वाचक या पानावर वेगळ्या ठिकाणी थांबतात. पळून बाहेर पडल्यावर होल्डन सहज एक वाक्य बोलून जातो, की असलं काहीतरी आपल्याबाबत लहानपणापासून वीसेक वेळा झालंय आणि ते आपल्याला सहन होत नाही. पन्नास वर्षं वाचकांनी ते त्याच्या नेहमीच्या अतिशयोक्तीत जमा केलं. मुलांच्या लैंगिक छळाबद्दल जग बोलायला लागल्यानंतर ज्यांनी हे पुस्तक पहिल्यांदा हाती घेतलं, त्यांना तिथे अतिशयोक्ती ऐकू येत नाही.